कल्याणपुढचा प्रश्न : अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, की मागे डोंबिवलीच बरी?

मुंबईतलं भाड्याचं घर सोडून मध्य रेल्वेवर पुढे सरकायचं ठरलं, की चर्चा हमखास याच चार-पाच नावांपाशी येऊन थांबते. एजंट भावापासून सुरुवात करतो : जितकं पुढे जाल तितकं घर मोठं. ते खरंच आहे. फक्त त्या हिशेबात गाडीतली जागा, नळाचं पाणी आणि स्टेशनपासूनची रिक्षा धरलेली नसते, आणि पुढची वीस वर्षं माणूस त्याच तीन गोष्टींशी झगडतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. रोज दादर, कुर्ला, घाटकोपर किंवा सीएसएमटी गाठायची असेल तर अंबरनाथ पूर्व, तेही स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत. ऑफिस आठवड्यातून दोन-तीन दिवसच असेल, किंवा घरात निवृत्त माणसं असतील, तर बदलापूर पूर्व. डोंबिवली सगळ्यांत सोयीची, पण तेवढ्याच पैशांत तिथे एक खोली कमी येते. कल्याण रस्त्याने फिरणाऱ्यांसाठी आणि गावाकडे सतत ये-जा असणाऱ्यांसाठी. टिटवाळा हा शेवटचा पर्याय.

आता रेल्वे, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. सीएसएमटीपासून रुळावरून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर, कल्याण ५४, अंबरनाथ ६०, टिटवाळा ६४ आणि बदलापूर ६८. नकाशावर हा फरक किरकोळ दिसतो. खरी मेख कल्याणला आहे. तिथपर्यंत धीम्या आणि जलद गाड्यांना वेगवेगळे रूळ आहेत. कल्याणनंतर एक फाटा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतला जातो, दुसरा शहाड, आंबिवली, टिटवाळा करत कसाऱ्याला. कर्जतच्या फाट्यावर आजवर एक येणारा आणि एक जाणारा असे दोनच रूळ होते, आणि त्यांवरूनच पुण्याकडच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्याही जातात. मागून मेल येत असली की लोकल बाजूला उभी राहते. पुढे कल्याणच्या तोंडाशी दोन्ही फाट्यांच्या गाड्या एकमेकींची वाट अडवतात, म्हणून सिग्नलला आणखी खोळंबा. डोंबिवलीकराची गाडी पाच मिनिटं उशिरा येते त्या दिवशी बदलापूरकराची पंधरा मिनिटं का चुकते, त्याचं कारण हेच.

यावर उतारा म्हणून एमयूटीपी ३-अ या मुंबईच्या रेल्वेविस्ताराच्या योजनेत कल्याण–बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका धरली आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं चिखलोली स्टेशनही त्याच पट्ट्यातलं. ‘चिखलोली स्टेशनपासून दोन मिनिटं’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या इमारती पाहताना एक पथ्य पाळा : स्टेशनवर गाडी थांबायला लागेपर्यंत त्या घराचं अंतर अंबरनाथ किंवा बदलापूर स्टेशनपासूनच मोजा. कांजूरमार्ग–बदलापूर मेट्रोचंही तेच. माहितीपत्रकात तिची रेघ ठळक असते, पण मेट्रो अजून आराखड्यात आहे. कल्याण–तळोजा मेट्रोचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं, ती निदान जमिनीवर आली. तरी गृहकर्जाचे पहिले काही हप्ते ती नाही असं समजूनच भरायचे.

वेळेचं बोलायचं तर जलद लोकल डोंबिवलीहून सीएसएमटीला साधारण तासाभरात आणि बदलापूरहून दीड तासात पोचते. पण डोंबिवलीत सकाळी साडेसात ते नऊ या वेळात आलेली जलद गाडी कर्जत, बदलापूर, कसाऱ्याहून भरूनच आलेली असते. म्हणून कितीतरी डोंबिवलीकर कल्याणला संपणाऱ्या गाडीने आधी उलटे कल्याणला जातात आणि तीच गाडी परत फिरते तेव्हा तिच्यात जागेवर बसून येतात, म्हणजे ‘डाउन करतात’. त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि पासही कल्याणचा काढावा लागतो. ही वीस मिनिटं धरली की डोंबिवली आणि अंबरनाथमधलं अंतर जवळपास मिटतं, कारण अंबरनाथहून सुटणाऱ्या लोकल आहेत आणि स्टेशनाजवळ राहणाऱ्याला त्यांत बसायला मिळू शकतं. बदलापूरहूनही गाड्या सुटतात, पण बदलापूर गेल्या वीस वर्षांत इतकं फुगलंय की सुटणाऱ्या गाडीतही खिडकीची आशा करू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आणण्याविरुद्ध आंदोलन केलं आणि मध्य रेल्वेला एसीच्या १० फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. एक गाडी इकडची तिकडे झाली तरी इथे काय होतं, ते त्यावरून ओळखा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारातून माणसं पडून गेली. ‘दारात उभं राहून जाऊ, त्यात काय’ हा हिशेब घर घेताना करू नका.

घर बघायला लोक रविवारी जातात, तिथेच गणित चुकतं. रविवारी मेगाब्लॉक असतो, वेळापत्रक वेगळं असतं, आणि रिक्षावालाही निवांत असतो. दोन फेऱ्या मारा. पहिली मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी : इमारतीच्या फाटकापाशी ७.३० ला उभं राहायचं, शेअर रिक्षाच्या रांगेत किती जण आहेत ते मोजायचं, स्टेशनला पोचायचं, आणि आपल्याला जी गाडी लागणार तिच्यात खरोखर चढून ऑफिसच्या दारापर्यंत जायचं. दुसरी त्याच दिवशी परतताना : संध्याकाळी सातच्या सुमारास दादरला किंवा घाटकोपरला चढायचं आणि त्याच फाटकापाशी घड्याळ बघायचं. घर ते ऑफिस असा एका बाजूचा एकूण वेळ जाताना आणि येताना सव्वादोन तासांच्या वर गेला, तर स्वस्त घराचा आनंद सहा महिन्यांत ओसरतो. अंबरनाथ ते बदलापूर गाडीने आठ-दहा मिनिटं, पण त्यावर बदलापुरातली पंधरा-वीस मिनिटांची रिक्षा चढली की एकूण फरक अर्ध्या तासाचा होतो. रोजचा तास. रेल्वेचा पास इतका स्वस्त आहे की पाचही ठिकाणांत त्याने निर्णय बदलत नाही. निर्णय बदलतो तो रिक्षाने. मीटर या भागात बहुधा शोभेलाच असतो, चालते ती शेअर रिक्षा. घरातली दोन माणसं रोज दोन वेळा शेअरने जात असतील तर महिन्याचा आकडा काढा आणि तो गृहकर्जाच्या हप्त्यात मिळवून मगच दोन घरांची तुलना करा. स्टेशनाजवळचं थोडं महाग घर या हिशेबात बरेचदा स्वस्त निघतं.

जाहिरातीतल्या नावांवर जाऊ नका. ‘डोंबिवली’ म्हणून विकलं जाणारं घर कल्याण–शीळ रस्त्यावर, काटई, खोणी किंवा पलावाच्या बाजूला असू शकतं. ती वसाहत वाईट नाही, रस्ते रुंद आहेत, पण डोंबिवली स्टेशन तिथून काही किलोमीटर लांब, आणि शीळफाट्याची कोंडी हा तिथला रोजचा खर्च. जवळचं निळजे स्टेशन दिवा–पनवेल मार्गावर आहे, तिथे लोकलसारख्या वारंवार गाड्या नाहीत. ठाकुर्ली मात्र खरी डोंबिवलीची शेजारीण. स्टेशन छोटं, जलद गाड्या थांबत नाहीत, पण ज्यांचं ऑफिस ठाणे, मुलुंड, भांडुपला आहे आणि धीमी गाडी चालते, त्यांनी ठाकुर्ली पूर्वेचा नव्वद फुटी रस्ता बघावा. ‘बदलापूर’च्या जाहिरातीतही वांगणीपर्यंतची घरं येतात.

डोंबिवलीबद्दल थोडक्यात, कारण तिची बाजू मांडायला डोंबिवलीकर पुरेसे आहेत. शाळा, शिकवण्या, दवाखाने, वाचनालयं, भाजी, मराठी वस्ती, दिवाळी पहाटेचा फडके रोड, सगळं चालत्या अंतरावर. आणि सगळं दाटीवाटीने. जुन्या इमारतींत पार्किंग नाही, लिफ्ट नाही, आणि पुनर्विकासाची चर्चा सुरू असलेलं घर घेतलं तर पुढची काही वर्षं सोसायटीच्या सभांत जातात. पूर्व–पश्चिम जायला रेल्वेवरचे मोजकेच पूल, म्हणून शाळा ज्या बाजूला त्याच बाजूला घर घ्यायचं. माणकोली–मोठागाव पूल झाल्याने डोंबिवली पश्चिमेहून गाडीने ठाण्याला जाणं पूर्वीपेक्षा सुटसुटीत झालं, एवढी एक नवी जमेची बाजू. एमआयडीसीलगतच्या निवासी भागात झाडं आहेत, बंगले आहेत, रस्ते मोकळे आहेत, आणि पलीकडे रसायनांचे कारखाने आहेत. मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट, २०२० मधला गुलाबी झालेला रस्ता, हे सगळं याच पट्ट्यातलं. शांत परिसर बघून भुलू नका. रात्री दहानंतर आणि पाऊस पडत असताना तिथे अर्धा तास थांबा. वायू सोडायला बरेचदा तीच वेळ निवडली जाते. हीच चाचणी अंबरनाथला आनंदनगर, मोरिवली, चिखलोलीच्या बाजूला आणि बदलापूरला मानकिवली, खरवईच्या बाजूला लावायची. तीनही गावांत औद्योगिक वसाहती आहेत. त्यातून कोणी सुटलेलं नाही, फरक फक्त इमारत वाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे याचा.

अंबरनाथ आम्ही वर ठेवतो ते सुंदर म्हणून नव्हे. १०६० सालचं शिवमंदिर सोडलं तर डोळ्यांत भरावं असं फारसं काही नाही, आणि ज्या वालधुनीच्या काठी ते मंदिर आहे ती नदी आज नाल्यासारखी वाहते. पण पूर्वेला बाजार, बँका, शाळा आणि स्टेशन एकमेकांना धरून आहेत. शिवाजी चौक, बी-केबिन रोड, कानसई हा पट्टा पायी राहण्याजोगा आहे. पश्चिमेला आयुध निर्माणीमुळे मोठी जागा मोकळी राहिली, कल्याण–बदलापूर रस्ता त्याच बाजूने जातो, म्हणून गाडी वापरणाऱ्याला पश्चिम सोयीची. मोठी खरेदी उल्हासनगरला, तीही दहा मिनिटांवर. उणी बाजू दोन. कचऱ्याचा प्रश्न नगरपरिषदेला नीट सुटलेला नाही, तेव्हा मोरिवली–चिखलोलीकडच्या नव्या इमारती बघताना वास कुठून येतो ते आधी तपासा. दुसरी, मोठ्या आजारपणाला इथल्या सोयी अपुऱ्या पडतात. छाया रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय हे सरकारी आधार. हृदयविकार किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी कल्याण, डोंबिवली किंवा थेट ठाणं गाठावं लागतं. बदलापूरहून तो प्रवास आणखी लांब.

बदलापूरला हवा मोकळी, डोंगर दिसतात, घरं मोठी, आणि वस्ती बहुतांशी मध्यमवर्गीय मराठी. कात्रप, शिरगाव, गांधीनगर, कुळगाव ही पूर्वेची बाजू, तर बेलवली, मांजर्ली, हेंद्रेपाडा, सोनिवली, बॅरेज रोड, वालिवली ही पश्चिमेची. पश्चिमेकडे भाव कमी ऐकू आला की आधी उल्हास नदी किती लांब आहे ते विचारा. २६ जुलै २००५, मग २०१९, मग २०२१, प्रत्येक वेळी नदीकाठच्या पश्चिम भागात पाणी घुसलं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी हलवावं लागलं, तो हाच पट्टा. सगळी पश्चिम बुडत नाही. रस्ता जरा चढला की पुराचा प्रश्न संपतो. म्हणून इमारत बघताना विकणाऱ्याला विचारण्याआधी जमिनीकडे बघा.

पाणी कुठवर येतं ते ओळखायच्या जागा ठरलेल्या आहेत. तळमजल्यावरच्या वीजमीटरची पेटी जर खांद्याच्या उंचीला नव्याने बसवलेली असेल आणि भिंतीत खाली जुन्या पेटीचा सिमेंटने बुजवलेला चौकोन दिसत असेल, तर ती वर का नेली हे विचारा. कंपाउंडच्या भिंतीवर एकसारखी आडवी मातकट रेघ, लिफ्टच्या खड्ड्यात गंजलेले स्प्रिंग, पंपाची खोली उंच ओट्यावर, तळमजल्याच्या गाळ्यांना दीड फुटाचा उंबरा, ही सगळी एकाच गोष्टीची चिन्हं. नव्या इमारतीत चिन्हं नसतात, तिथे पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा विकास आराखड्यावर बघायची. निळ्या रेषेच्या आत सहसा बांधकामाला परवानगी नसते, निळ्या–लाल पट्ट्यात अटींवर मिळते. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर सांगितला की हा भाग नकाशावर दाखवतात. त्यासाठी अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

पुराचाच भाऊ म्हणजे पाणीटंचाई. अंबरनाथ आणि बदलापूरला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं. उल्हासवरचा बदलापूरचा बॅरेज हा मोठा स्रोत, अंबरनाथला त्याशिवाय चिखलोली धरण आणि एमआयडीसीचं पाणी. मोठ्या पुरात बॅरेजवरची यंत्रणा धोक्यात येते, म्हणजे दाराबाहेर पाणी आणि नळाला नाही, अशीही वेळ येऊ शकते. कल्याण-डोंबिवलीत २०१५ मध्ये महापालिकेत आलेल्या २७ गावांच्या पट्ट्यात इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्या मागून आल्या. तिथे ‘पाणी चोवीस तास’ याचा अर्थ इमारतीच्या टाकीत चोवीस तास, मग ते टँकरने आलेलं का असेना.

टँकर ओळखायचा खात्रीचा मार्ग सोसायटीच्या ताळेबंदात आहे. सेक्रेटरींकडून मागच्या वर्षाचं जमाखर्चाचं पत्रक मागा आणि पाणीखर्चाच्या रकमेत प्राधिकरणाचं बिल किती, टँकर किती, हे वेगळं करून घ्या. मार्च ते मे या तीन महिन्यांचे आकडे महत्त्वाचे. मनात एक साधा हिशेब ठेवा. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण. चार माणसांच्या घराला ५४० लिटर, चाळीस घरांच्या इमारतीला २१,६०० लिटर. मोठा टँकर १०,००० लिटरचा, म्हणजे नळ पूर्ण बंद असेल त्या दिवशी दोन टँकरही थोडे कमी पडतात. जमिनीखालची टाकी २०,००० लिटरपेक्षा लहान असेल तर एक दिवस पाणी आलं नाही की सोसायटी अडचणीत. बोअरच्या पाण्यावर इमारत चालते का, हे न्हाणीघरातल्या नळाच्या तोंडाशी बसलेल्या पांढऱ्या थरावरून कळतं. गिझर आणि वॉशिंग मशीन त्याच थराने लवकर जातात.

विजेसाठी सगळीकडे महावितरण. बेस्टच्या किंवा अदानीच्या पुरवठ्याची सवय असलेल्यांनी इन्व्हर्टरचा खर्च धरूनच यावं. जूनच्या पहिल्या वादळात झाड पडलं की काही तास अंधार, हे कल्याणपुढे नवल नाही. सातव्या मजल्यावर घर घेताना जनरेटर लिफ्टला जोडलेला आहे का, आणि डिझेलचे पैसे कोण देतं, एवढं विचारून घ्या.

कल्याणचं वेगळं आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात, नाशिक, जळगाव, पुणे, कोल्हापूर कुठेही जायला मुंबईत शिरावं लागत नाही, आणि दोन्ही फाट्यांच्या लोकल मिळतात. ज्यांचं गाव खानदेशात किंवा मराठवाड्यात आहे त्यांनी फार विचार न करता कल्याण घ्यावं. पश्चिमेला खडकपाडा, गोदरेज हिल, गांधारी, बारावे हा नवा भाग मोठ्या संकुलांचा, पण स्टेशनपर्यंतचा रस्ता संध्याकाळी रांगत सरकतो. चार किलोमीटरला अर्धा तास सहज लागतो. आधारवाडीची कचराभूमी २०२१ मध्ये बंद झाल्यावर त्या बाजूची जुनी तक्रार बरीच कमी झाली. पूर्वेला कोळसेवाडी, काटेमानिवली हा दाट आणि तुलनेने स्वस्त भाग. वालधुनीच्या काठची घरं सोडून बघा. पत्रीपूल, म्हणजे कल्याणचा रेल्वेवरचा पूल, नव्याने सुरू झाला जानेवारी २०२१ मध्ये. त्याआधीची दोन वर्षं पूर्व–पश्चिम आणि शीळ रस्ता यांची काय अवस्था झाली होती, ते आठवून कल्याणकर अजूनही कुठल्या पुलाची दुरुस्ती निघाली की धसका घेतात.

उल्हासनगर मधेच येतं म्हणून एक सूचना. गाळा किंवा घर स्वस्त मिळतंय असं दिसलं तर आधी सनद बघा. १९४९ मध्ये निर्वासितांसाठी वसवलेलं हे शहर, तिथल्या जमिनीचा हक्क सनदेतून येतो. सनद नाही, किंवा तिच्यापेक्षा बांधकाम जास्त, असं असेल तर बँक कर्ज देत नाही. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच इमारतींचे स्लॅब कोसळल्याच्या घटना झाल्या आहेत. जुनी इमारत असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टिटवाळा, म्हणजे मांडा-टिटवाळा, कल्याण-डोंबिवली महापालिकेतच मोडतो. गणपतीमुळे नाव माहीत, चतुर्थीला आणि अंगारकीला स्टेशनपासून मंदिरापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. कसारा फाट्यावर लोकल कर्जत फाट्यापेक्षा कमी, म्हणून एक गाडी चुकली की वाट बघणं लांबतं. काळू नदीकाठ टाळायचा, आणि रात्री उशिरा उतरणाऱ्याला रिक्षा मिळते का, हे रात्रीच जाऊन बघायचं. जलद लोकल वेळेवर असेल तर प्रवास बदलापूरपेक्षा लांब नाही, हे टिटवाळ्याच्या बाजूने सांगायला हवं. ज्यांना घराबरोबर मागे-पुढे थोडी जमीन दिसायला हवी आणि ज्यांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या आहेत, त्यांचं तिथे बरं चालतं.

आता कागद. इथे जास्त वेळ द्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली हद्दीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. या इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, नोंदणी क्रमांक मिळवलेले होते. घरं घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी महारेराचा क्रमांक पाहिला होता, बँकेने कर्जही दिलं होतं. तेव्हा फक्त क्रमांक बघून समाधान मानण्याचे दिवस गेले.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडा, तिथे चढवलेलं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, उतरवून घ्या. त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घेऊन महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा आणि हा क्रमांक त्यांच्या नोंदीत आहे का, हे विचारा. तोंडी उत्तरावर न थांबता लेखी अर्ज द्या किंवा माहिती अधिकारात मागा. सीसीवर परवानगी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. जोत्यापर्यंत किंवा सातव्या मजल्यापर्यंतच परवानगी आणि बुकिंग मात्र अकराव्याचं, हा प्रकार सर्रास चालतो. सर्व्हे नंबर सीसीवरचा आणि सातबाऱ्यावरचा एकच आहे का बघा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कूळ, वन, आदिवासी किंवा ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा असेल, किंवा भोगवटादार वर्ग २ असेल, तर वकिलाने लेखी खुलासा दिल्याशिवाय टोकनही देऊ नका. बऱ्याच प्रकल्पांचा नोंदणी क्रमांक ठाणे जिल्ह्यात पी५१७ ने सुरू होतो, रायगडचा पी५२० ने. ‘बदलापूरजवळ’ म्हणून दाखवलेल्या प्रकल्पाचा क्रमांक पी५२० निघाला, तर तो शेलू–नेरळच्या बाजूचा, म्हणजे कर्जत तालुक्यातला आहे, हे घरबसल्या कळतं. तयार इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र मागा. ‘येणारच आहे’ हे उत्तर इथे दहा-दहा वर्षं दिलं जातं, आणि तोवर पाण्याची जोडणी, पुढची विक्री, पुढचं कर्ज सगळं अडखळतं.

पैशांची तुलना कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष जागेवरच करा. या भागात अजूनही तोंडी भाव ‘सेलेबल’चा, म्हणजे कार्पेटवर जिना-लॉबीचा वाटा (लोडिंग) चढवलेल्या क्षेत्रफळाचा सांगतात. ६२० चौरस फुटांचा म्हणून दाखवलेला वन बीएचके ४५ टक्के लोडिंगने कार्पेट फक्त ४२८ चौरस फूट भरतो. डोंबिवलीतल्या पन्नास टक्के लोडिंगच्या घराची आणि बदलापुरातल्या पस्तीस टक्क्यांच्या घराची सेलेबल भावावर तुलना करणं निरर्थक आहे. एकूण किंमत भागिले रेरा कार्पेट, एवढा एकच आकडा वहीत लिहा. बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी लागतो : कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असं दोन्ही असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. पार्किंग आणि इतर आकार मिळवून किंमत ४५ लाखांच्या जरा वर गेली की कर पाचपट होतो, म्हणून ४४ आणि ४६ लाखांच्या घरांत दिसतो त्याहून जास्त फरक आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्काचा दर महापालिका आणि नगरपरिषद हद्दीत वेगळा असतो, घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, आणि शुल्क कराराची रक्कम व रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेली किंमत, यांपैकी जे जास्त त्यावर. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. मागितली तर त्या बिल्डरबद्दल जे कळायचं ते कळलं.

एवढं करूनही मन बनत नसेल तर निवडलेल्या गावात, शक्यतो निवडलेल्याच रस्त्यावर, आधी अकरा महिने भाड्याने राहा. बहुतेक लोक दिवाळीनंतर येतात आणि मेपर्यंत घर घेऊन मोकळे होतात, पावसाळा नंतर कळतो. करार १ जूनपासून सुरू करा म्हणजे जुलैचं पाणी आणि एप्रिलची टंचाई दोन्ही त्यात येतात. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो, मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, तीन महिन्यांपेक्षा जास्त घालू देऊ नका, नोटीस दोन्ही बाजूंना एक महिन्याची ठेवा, आणि टँकरचा जादा खर्च मालकाचा की भाडेकरूचा, हे त्याच करारात लिहून घ्या.